फिर्यादी शेजारच्या उशीवर

दात दुखला तर ज्याचा दात तोच ओरडतो. पित्त खवळलं तर ज्याचं पित्त तोच तोंड वाकडं करून बसतो. घोरण्याचं तसं नाही. घोरणारा सुखात पहुडलेला असतो आणि दुखणं शेजारच्या उशीवर असतं. त्यामुळे मी आजारी आहे ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. त्याआधी ती बायकोला, दोन्ही पोरांना, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना आणि पहाटे दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या पोराला माहीत होती. तो पोरगा म्हणे आमच्या दारात आला की घंटी वाजवायचा नाही. "सार अजून झोपलेत" हे त्याला फाटकातूनच समजायचं.

मी मानतच नव्हतो. शेवटी बायकोनं पुरावा गोळा केला. मोबाइल उशीखाली ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि ते मला ऐकवण्याऐवजी राजुऱ्याच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं. मेहुण्यानं विचारलं, "ताई, अंगणात बोअर मारताय काय? पाणी किती फुटांवर लागलं?" सासूबाईंचा थेट फोनच आला, "काहून बाप्पा, घरात कुत्रं शिरलं का?"

आमचं घर तेलंगणात, मंचेरियलच्या रेल्वेलाइनला लागून. काझीपेट-बल्लारशा मार्गावरून रात्रभर कोळशाच्या मालगाड्या धडधडत जातात, खिडकीच्या काचा थरथरतात, कपाटातले पेले आपापसात बोलू लागतात. लग्न होऊन आल्यापासून बायको या गोंधळात डाराडूर झोपत आली आहे. मग माझ्याच घोरण्याचं एवढं काय, असं मी तिला विचारलं.

"मालगाडी निदान निघून तरी जाते," ती म्हणाली.

यावर माझ्यासारख्या कर सल्लागाराकडेसुद्धा उत्तर नसतं. आणि खरी तक्रार तिनं पुढं सांगितली. घोरण्याचा तिला राग येत होता, पण घोरणं मध्येच बंद पडायचं तेव्हा तिला धडकी भरायची. एकदम चिडीचूप. छाती हलते, श्वास येत नाही. मग ती अंधारात आकडे मोजायची. वीस-पंचवीसपर्यंत गेलं की कोपर मारायची. मी हबकून मोठा आचका देऊन श्वास घ्यायचो, कूस बदलायचो आणि सकाळी उठून विचारायचो, "काय गं, माझी बरगडी का दुखतेय?"

आता माझ्या देहाविषयी दोन शब्द, कारण तो दोन शब्दांत मावत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचं विभाजन झालं आणि मंचेरियल वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास माझा मात्र विस्तार चालू होता. त्याला कारण आमचा इतिहास-भूगोल. राजुरा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे आमची अर्धी सोयरीक आज महाराष्ट्रात आणि अर्धी तेलंगणात. राज्यं वेगळी झाली, पण जेवणाच्या पंगती वेगळ्या झाल्या नाहीत. संक्रांतीला तिळगूळ, शिवाय शेजारच्या अक्कांकडून डबाभर सकिनालु. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, म्हणून घरी पुरणपोळी आणि बाहेर भक्ष्यालु. वस्तू एकच, पण एकीवर तूप घेतलं आणि दुसरीवर नाही घेतलं तर कुणाला तरी वाईट वाटतं. नवरात्रात इकडे उपास असतो, म्हणून साबुदाणा. तिकडे बतुकम्मा असते, म्हणून मलिदा. असा माणूस उपासानं वाढतो.

आणि वाढणारे! "भाऊजी, वजन किती वाढवलं हो!" असं म्हणत म्हणतच वहिनी ताटात वडाभाताचा दुसरा डोंगर करतात. डाव वर उचललेला, तोंडात उपदेश. मी 104 किलोचा असताना सासूबाईंनी दारातच माझ्या गालावरून बोटं मोडली आणि बायकोला झापलं, "जावई वाळले की वो! खायला घालते का नाही?" त्या दिवशी श्रीखंडाची वाटी कुणी काढून घेतली नाही, हे सांगायला नकोच.

घोरण्याची बातमी गल्लीत पसरल्यावर उपायांची रीघ लागली. 2022 साली गावात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाल्यापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या ओळखीचा एक तरी भावी डॉक्टर आहे. त्याच्या भरवशावर चुलते, मावश्या, किराणावालेसुद्धा औषधं सुचवतात. कुणी नाकात गाईचं तूप सोडायला सांगितलं. ते घशात उतरलं, त्याची चव बरी लागली. त्यापुढची मात्रा मी भातावर घेतली. कुणी सांगितलं, बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवा, म्हणजे उताणं झोपता येणार नाही. बायकोनं शिवला. मी चेंडूवरच उताणा झोपलो आणि सकाळी चेंडू पापडाएवढा चपटा निघाला. आयबी चौरस्त्याच्या एका मित्रानं सल्ला दिला, "अन्ना, दुसऱ्या खोलीत झोप." हा उपाय बायकोला पटला, पण मोजणार कोण, या चिंतेनं ती रात्रीतून उठून येऊन दारात उभी राहायची. म्हणजे आता तिला उभ्यानं जागावं लागे.

दिवसा माझं निराळंच चाललं होतं. रात्री आठ-नऊ तास झोपूनही मी दिवसभर पेंगत असे. पण माझा धंदाच असा की पेंगण्याला प्रतिष्ठा मिळाली. दसऱ्याच्या आगेमागे सिंगरेणीच्या कोळसा खाणींतल्या कामगारांना कंपनीच्या नफ्यातला वाटा मिळतो, तेव्हा माझ्याकडे गर्दी उसळते. समोरचा माणूस पगार, वाटा, घरकर्ज सगळं सांगतोय आणि माझे डोळे मिटलेले. तो बिचारा आवाज खाली आणून शेजारच्याला म्हणतो, "आलोचिस्तुन्नारु," विचार करताहेत. मी दचकून जागा होऊन म्हणायचो, "80 सीमध्ये टाकू." दहांतल्या नऊ जणांना ते लागू पडायचंच. डोळे मिटून ऐकणारा सल्लागार म्हणून माझं नाव झालं आणि मी फीसुद्धा वाढवली.

रेल्वेत मात्र प्रतिष्ठा कामी आली नाही. हैदराबादहून भाग्यनगर एक्सप्रेसनं परतत होतो. पेद्दपल्ली गेल्याचं आठवतं. मंचेरियल, मंदमर्री, बेलमपल्ली, आसिफाबाद रोड कधी गेली ते आठवत नाही. शेवटचं स्टेशन कागजनगर. रिकाम्या डब्यात झाडूवाला माझ्या खांद्याला हलवत होता, "सार, बंडी आगिंदि. मीरू आगले." गाडी थांबली, तुम्ही थांबला नाहीत.

कागजनगरहून परतीची गाडी मिळेपर्यंत बायकोशी फोनवर जे संभाषण झालं त्याचा गोषवारा असा, की दुसऱ्याच आठवड्यात मी छातीच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. आजार माझा, पण खुर्ची पुढे ओढून बसली ती. फिर्यादी पक्षानंच सगळी कैफियत मांडली. डॉक्टरांनी मला फक्त मान वर करायला सांगितली आणि गळ्याभोवती टेप लावला. साडेसतरा इंच. पुरुषाचा गळा 17 इंचांच्या वर गेला की हे लोक सावध होतात म्हणे. म्हणजे माझा आजार माझ्या टेलरला कधीपासून माहीत होता. तो बापडा दर दिवाळीला "सार, कॉलर कोंचम लूज पेट्टाना?" जरा सैल ठेवू का, एवढंच विचारून गप्प बसत होता.

मग उंची आणि वजन. डॉक्टरांनी भागाकार केला आणि 37 आकडा काढला. "भारतीयांसाठी 25 च्या वर लठ्ठपणा धरतात," ते म्हणाले. मी म्हटलं, "अमेरिकेत?" ते म्हणाले, "तिथं 30. तिथंसुद्धा तुम्हाला घेणार नाहीत."

त्यानंतर त्यांनी एक प्रश्नावली पुढे सरकवली. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी 1991 साली ती केली. आठ प्रसंग दिलेले असतात. त्या त्या प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण 24. शाळा सुटल्यापासून मला कुणी पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते.

"बसून वाचताना?" डॉक्टरांनी विचारलं.

"शून्य," मी म्हणालो.

"तीन," बायको म्हणाली. "पेपर हातात धरायला पाच मिनिटं, तोंडावर यायला दोन."

"टीव्ही बघताना?"

"बातम्या असतील तर..."

"तीन."

"दुपारी पडल्यावर?"

"डॉक्टर, दुपारी पडल्यावर डुलकी लागत नसेल तर तो आजार समजायचा," मी म्हणालो. वामकुक्षीला गुण लावणारा माणूस परदेशीच असणार. आणखी एक प्रसंग होता, मद्य न घेता दुपारचं जेवण करून शांत बसल्यावर. यात 'मद्य न घेता' हे मुद्दाम घातलंय. बगारा भात आणि वांग्याच्या भाजीनं काय होतं याची मेलबर्नला कल्पना नसावी.

"कुणाशी बसून बोलताना?"

इथं मी मान ताठ केली. "शून्य. माणसाशी बोलताना मी कधी..."

"माझ्याशी बोलताना तीन," बायको म्हणाली. "पक्षकाराशी दोन."

गाडी सिग्नलला उभी असताना, या शेवटच्या प्रश्नावर दोघंही गप्प झालो. मी स्कूटर चालवतो. मग डॉक्टरांनी बेरीज केली. 24 पैकी 20. दहाच्या वर गेलं की तपासणी करायची असते.

त्यांनी कागदावर घसा काढून समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे येते, त्यात गळ्याभोवती चरबीचा वेढा, की हवेची वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की एक नोंद धरतात. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू खडबडून जागा होतो, आचका देऊन वाट उघडतो आणि लगेच परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. "म्हणजे तुम्ही रात्रभर जागेच असता," डॉक्टर म्हणाले, "फक्त तुम्हाला कळवलेलं नसतं." रक्तदाब, मधुमेह, हृदय, रस्त्यावरचे अपघात अशी पुढची यादीही त्यांनी वाचली. गळाभर सोनं घालणारे संगीतकार बप्पी लाहिरी 2022 च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. बायकोनं माझ्या गळ्यातल्या साखळीकडे असं पाहिलं की मी ती शर्टात लपवली.

खरा धक्का मला दुसऱ्याच गोष्टीनं बसला. 1956 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णाची हकिकत एका वैद्यकीय मासिकात छापली. गृहस्थ 51 वर्षांचे, सुखवस्तू, वजन 120 किलोंच्या आसपास. दिवसा झोप यायची ती वर्षानुवर्षं चालवून घेतली. मग एका संध्याकाळी नेहमीच्या मित्रांत पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन बादशहा आले आणि ऐन वेळी गृहस्थांना झोप लागली! डाव वाया गेला. त्यानंतर काही दिवसांतच ते दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टरांनी या दुखण्याला चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या, उभ्या उभ्या झोपणाऱ्या लठ्ठ जो नावाच्या पोराची आठवण ठेवून पिकविकचंच नाव दिलं.

मी ही हकिकत आमच्या रविवारच्या रमीच्या अड्ड्यावर सांगितली. सगळे हळहळले. "तीन एक्के, दोन बादशहा!" एक जण कपाळाला हात लावून म्हणाला. "सीक्वेन्सच्या हिशेबानं काय गेलं असेल!" दुसरा म्हणाला. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही.

झोपेच्या तपासणीसाठी हैदराबादला जावं लागलं. आतापर्यंत मी फुकट झोपत आलो होतो. आता एका रात्रीच्या झोपेचे रोख पैसे मोजले आणि वर सूचना मिळाली की येताना पायजमा आणा. तंत्रज्ञ पोरगा वारंगलकडचा, फार मायाळू. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला, पिंढऱ्यांना तारा, नाकात नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला चिमटा, गळ्यावर घोरणं टिपायला मायक्रोफोन. पोटावरचा पट्टा पुरेना, तेव्हा तो दुसरा पट्टा जोडायला आत गेला. परत येईपर्यंत मी झोपलो होतो.

"सार! सार, लेवंडी! अजून मशीन सुरू नाही केलं!" त्यानं मला उठवलं. मग शेजारच्या खोलीत जाऊन स्पीकरवरून हुकूम सोडू लागला. डोळे वर. डोळे खाली. पाय हलवा. दात खा. घोरून दाखवा.

"जागेपणी कसं घोरू?" मी ओरडलो.

स्पीकरमधून बायकोचा आवाज आला, "असं," आणि तिनं घोरून दाखवलं. वीस वर्षांच्या निरीक्षणातून आलेली नक्कल होती ती. तंत्रज्ञ म्हणे हातातला चहा सांडेपर्यंत हसला.

बाहेरच्यांना खरं तर त्या खोलीत बसू देत नाहीत. पण रात्रभर मॉनिटरसमोर खुर्ची टाकून ती बसली. आलेख सपाट झाला की पोराच्या आधी ही म्हणायची, "थांबला." आणि तो आकडा मोजायच्या आत, "आता आचका देईल बघ." सकाळी तो मला म्हणाला, "सार, मॅडमना इथं नोकरी द्यायला पाहिजे." तिचं तोंड मात्र खुललं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तक्रारीवर कुणीतरी कागदावर सही करून देणार होतं.

अहवाल आला. तासाला 46 वेळा श्वास अडतो. 30 च्या वर तीव्र. प्राणवायू खाली जाऊन 74 टक्क्यांना टेकून आलेला.

"46?" बायको म्हणाली. "मी 40 म्हणत होते. मधनं मधनं माझा डोळा लागत असेल."

उपाय म्हणून सीपॅप नावाचं यंत्र आलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीला पेटी. पेटी रात्रभर हलक्या दाबानं हवा सोडते आणि घसा मिटू देत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते 1981 साली जगापुढे मांडलं. त्याआधी अशा गंभीर रुग्णांच्या गळ्याला पुढून भोक पाडणं, हाच खात्रीचा इलाज होता. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवली होती आणि मुखवटा रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. सलिव्हन यांचा आधीचा अभ्यास झोपलेल्या कुत्र्यांवरचा. पुढे 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बुलडॉग जातीच्या कुत्र्याला हाच आजार निसर्गतःच होतो. सासूबाईंचं निदान किती शास्त्रशुद्ध होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

यंत्र घेतल्यावर गावभर चर्चा. धाकटा पुतण्या मुखवटा बघून म्हणाला, "काका, टेकऑफ कधी?" एका पक्षकारानं विचारलं, याची बॅटरी असते का? नसते, म्हणजे माझ्या यंत्राला नाही. आणि इथं आमच्या गावाची गंमत सुरू होते. पायाखाली कोळसा, जवळ जयपूरला 1200 मेगावॅटचं वीजकेंद्र, नदीपलीकडे रामगुंडमची धुराडी. अख्खा दक्षिण भारत उजळतो. पण आमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर एका खारीनं उडी मारली की आम्ही अंधारात. मग हवा बंद, मुखवट्यात मी गुदमरून उठतो, बायको गुदमरल्याच्या आवाजानं उठते आणि लाइनमनला फोन लावते. आता त्यानंही तिचा नंबर नावानिशी जपून ठेवलाय. 'घोरणारे सार.'

यंत्रानं श्वास सुधारला, पण डॉक्टरांनी वजन सोडलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून 2000 साली दिसलं होतं की वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याचे प्रकार सुमारे 26 टक्क्यांनी कमी होतात आणि दहा टक्क्यांनी चढलं तर 32 टक्क्यांनी वाढतात. कर सल्लागार म्हणून मला हा दर अन्यायाचा वाटला. भरताना 32 आणि परताव्याला 26!

मेहुण्याकडे सोपा मार्ग होता. "भाऊजी, तुमचा एक फोटो काढून शोभा डेंना पाठवू." 2017 साली मुंबईतल्या निवडणुकीच्या दिवशी या लेखिकाबाईंनी एका अगडबंब पोलिसाचा फोटो टाकून 'भारी बंदोबस्त' अशी कोटी केली होती. मुंबई पोलिसांनी कळवलं, हा गणवेश आमचा नाही. तो निघाला मध्य प्रदेशातल्या नीमचचा निरीक्षक. आपलं वजन आजारपणानं वाढलंय, असं त्यानं सांगितलं. पुढं मुंबईच्याच डॉक्टरांनी त्याच्यावर फुकट शस्त्रक्रिया केली आणि तो कितीतरी किलोंनी उतरला. मेहुण्याचं म्हणणं, टिंगल झाली तरी चालेल, खर्च वाचतोय.

दुसरे एक हितचिंतक इंजेक्शनची बातमी घेऊन आले. 2024 च्या डिसेंबरात अमेरिकेनं लठ्ठपणासोबतच्या या आजारावर टिर्झेपटाइडला मान्यता दिली आणि 2025 च्या मार्चपासून ते औषध भारतातही मिळू लागलं. मी उत्साहानं डॉक्टरांना विचारलं, "हे घेतलं की बिर्याणी खाता येते ना?"

"हे घेतलं की बिर्याणी खावीशी वाटत नाही," ते म्हणाले.

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. डॉक्टर शेवटी हैदराबादचेच.

तूर्त इंजेक्शन बाजूला ठेवून चालणं सुरू आहे. पहाटे शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांचा आमचा गट आहे. फेऱ्या संपल्या की सगळे मिळून इडली-वडा खायला जातात. मी आता नुसता चहा घेतो आणि वड्याकडे पाठ करून बसतो. वजन 104 वरून 97 वर आलंय. टेलरनं कॉलर अर्धा इंच आत घेतली आणि माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. सासूबाईंना मात्र भेटायची सोय राहिलेली नाही. परवा त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि राजुऱ्याहून लाडवांचा डबा धाडला.

तेव्हा मंचेरियल, राजुरा, चंद्रपूर आणि आसपासच्या समस्त आप्तेष्टांना आणि शेजाऱ्यांना विनंती. येत्या पाडव्याला, उगादीला मी येणार, जरूर येणार. पोळी एकच वाढावी. दुसरी वाढायचीच असेल तर आधी माझ्या बायकोला विचारावं, आणि तिनं नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघू नये.